डेम्पस्टर महामार्ग: व्हॅन घेऊन आर्क्टिक समुद्रापर्यंत जायची तयारी

कॅनडाच्या उत्तरेतल्या युकॉन प्रदेशात डेम्पस्टर महामार्ग जिथे सुरू होतो तिथे एक पेट्रोल पंप आहे. पुढचा पंप ३६९ किलोमीटरवर, ईगल प्लेन्सला. मध्ये गाव नाही, दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही. मुंबईहून निघावं आणि कोल्हापूर येईपर्यंत एक चहाची टपरीसुद्धा लागू नये, तसा हा रस्ता आहे. फरक इतकाच की खाली डांबर नाही, खडी आहे.

कॅनडातली मराठी मंडळी आता व्हॅन घेऊन उत्तरेकडे निघू लागली आहेत आणि युकॉनचं नाव निघालं की फोन येतात. आम्ही दोघं हा प्रवास दोनदा केला. पहिल्या खेपेला पील नदीच्या काठावरून परत फिरलो. नदीला पाणी चढलं होतं, गाड्या पलीकडे नेणारी फेरी बोट बंद होती आणि आमच्या रजेतला एकही दिवस शिल्लक नव्हता. दुसऱ्या खेपेला आर्क्टिक किनाऱ्यावरच्या टुक्टोयाक्टुक (थोडक्यात टुक) गावाला पोचून समुद्राच्या पाण्यात हात घातला. दोन्ही खेपांना गाडी तीच, माणसं तीच. पहिल्या वेळी आम्ही फक्त जाण्याचा हिशेब केला होता, दुसऱ्या वेळी परत येण्याचाही. खाली जे सांगतो आहे ते सगळं या एका फरकावर उभं आहे.

रस्ता आधी डोळ्यांपुढे आणा

एडमंटनहून डॉसन क्रीक सुमारे ५९० किलोमीटर. तिथे अलास्का महामार्गाचा शून्य मैल आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकन लष्कराने हा रस्ता काही महिन्यांत खोदून काढला. आज तो पूर्ण डांबरी आहे, तरी दुरुस्तीचे खडीचे तुकडे दर उन्हाळ्यात लागतातच. डॉसन क्रीक ते फोर्ट नेल्सन सुमारे ४५५, तिथून लियार्डचे गरम पाण्याचे झरे ३१० आणि डॉसन क्रीकपासून व्हाइटहॉर्सपर्यंत एकूण सुमारे १,४२० किलोमीटर.

व्हाइटहॉर्सहून क्लोंडाइक महामार्ग धरायचा. डॉसन सिटीच्या ४० किलोमीटर अलीकडे उजवीकडे डेम्पस्टरचा फाटा लागतो. इथून इनुव्हिक हे गाव ७३६ किलोमीटर आणि पुढे टुक्टोयाक्टुक १३८. हा शेवटचा तुकडा नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. त्याआधी उन्हाळ्यात टुकला जायचं तर विमान किंवा होडीच होती. डॉसन क्रीक आणि डॉसन सिटी ही दोन वेगळी गावं आहेत, त्यांच्यात जवळपास दोन हजार किलोमीटरचं अंतर आहे. मुक्कामाची जागा ठरवताना नाव दोनदा वाचा.

एडमंटन ते टुक एका बाजूने सुमारे ३,४०० किलोमीटर भरतं. जाऊन येऊन सात हजारांच्या आसपास.

तारखा नद्यांना विचारून ठरवा

डेम्पस्टरवर दोन नद्या लागतात, पील आणि मॅकेंझी. दोन्हींवर पूल नाही. उन्हाळ्यात सरकारी फेरी गाडी पलीकडे नेते, पैसे लागत नाहीत. हिवाळ्यात नदी गोठली की बर्फावरून रस्ता होतो. पण बर्फ धरण्याच्या आणि फुटण्याच्या काळात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मे महिन्यात, काही आठवडे रस्ता दोन ठिकाणी तुटलेलाच असतो. व्हॅनवाल्यांसाठी म्हणून जूनचा मध्य ते सप्टेंबरचा पहिला आठवडा एवढीच खिडकी उरते.

जूनमध्ये इनुव्हिकला सूर्य मावळत नाही. मे अखेरीपासून सुमारे ५६ दिवस तो क्षितिजाच्या वरच असतो. अनुभव मोठा आहे, पण पुराचं पाणी आणि लाकडाचे ओंडके नदीतून वाहतात ते याच दिवसांत. जुलैमध्ये डास आणि वणवे. ऑगस्टचा शेवटचा आठवडा माझ्या मते सगळ्यांत चांगला. टुंड्रा लालभडक झालेला असतो, डास कमी होतात, रात्री पुरेसा अंधार पडतो आणि आकाश मोकळं असेल तर ध्रुवीय प्रकाश दिसतो. गणपती बऱ्याचदा याच सुमारास येतात, त्यामुळे घरातल्यांशी आधी बोलून घ्या. आम्ही शाडूची चार बोटं उंचीची मूर्ती बरोबर नेली होती.

दिवस मोजताना

गूगलचा वेळ इथे लागू पडत नाही. डेम्पस्टरवर मी ताशी ६०-७०च्या वर जात नाही, पावसात ४०. इनुव्हिकपर्यंतचं अंतर एका दिवसात कापणारे आहेत, पण तसं करू नका. टूम्बस्टोन उद्यानाचं माहिती केंद्र फाट्यापासून ७१व्या किलोमीटरवर आहे, तिथे पहिला मुक्काम. दुसरा ईगल प्लेन्स. तिसऱ्या दिवशी दोन्ही फेऱ्या ओलांडून इनुव्हिक. चौथा दिवस टुक आणि परत. येताना तेवढेच दिवस.

एडमंटनहून एकूण तीन आठवडे हे कमीत कमी, चार असले तर उत्तम. त्यांतले तीन दिवस कशालाही न जोडता मोकळे ठेवा. आणि ते प्रवासाच्या शेवटी ठेवू नका, डेम्पस्टरवर असतानाच हाताशी हवेत. पहिल्या खेपेला आमचे दोन मोकळे दिवस होते, पण ते लियार्डच्या झऱ्यांवर आणि डॉसन सिटीत खर्चून आम्ही पीलला पोचलो. काठावर अकरा गाड्या थांबल्या होत्या. फोर्ट मॅकफर्सनला आपल्या घरी निघालेल्या एका ग्विचिन (इथल्या मूळनिवासी समाजातल्या) आजींनी आम्हाला वाळवलेला मासा देऊ केला. आम्ही शाकाहारी आहोत म्हटल्यावर त्यांनी चहा दिला आणि सांगितलं, "नदी उतरेल, तिला घाई नसते." त्या दोन दिवसांनी पलीकडे गेल्या असतील. आम्हाला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं.

आणखी एक: मे २०२४ मध्ये वणव्यामुळे फोर्ट नेल्सन गाव रिकामं करावं लागलं. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये यलोनाइफ शहर रिकामं झालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी आणि रोज सकाळी रस्त्याची स्थिती पाहायचीच. ब्रिटिश कोलंबियासाठी ड्राइव्हबीसी हे संकेतस्थळ, युकॉनसाठी ५११ युकॉन, पुढे नॉर्थवेस्ट टेरिटरीजची महामार्ग सेवा.

गाडी

भाड्याची व्हॅन घेणार असाल तर सही करण्याआधी करारातलं खडीच्या रस्त्याचं कलम वाचा. बहुतेक कंपन्या मनाई करतात, काही डेम्पस्टरचं नाव घेऊनच मनाई करतात. मनाई मोडली तर विमा रद्द समजा. व्हाइटहॉर्समध्ये खडीची परवानगी असलेल्या गाड्या मिळू शकतात, पण त्या महिनोन्‌महिने आधी जातात. रस्त्यावरच्या मदतीची वर्गणी भरली असेल तर "डेम्पस्टरवरून ओढून आणाल का, किती किलोमीटरपर्यंत?" हे विचारून उत्तर लेखी घ्या. ईगल प्लेन्सजवळून डॉसनला गाडी ओढून आणायचं बिल हजारो डॉलरमध्ये जातं.

स्वतःची व्हॅन असेल तर खर्च एकाच गोष्टीवर करा, टायर. डेम्पस्टर कायमच्या गोठलेल्या जमिनीवर उभा आहे. ती जमीन वितळू नये म्हणून एक-दोन मीटर उंच खडीचा बांध घालून त्यावरून रस्ता नेला आहे. त्या खडीत शेल दगड असतो. तो फुटला की कपच्या होतात, पाटीच्या तुकड्यासारख्या. कारचे पातळ टायर त्या कपच्यांपुढे टिकत नाहीत. हलक्या ट्रकसाठीचे, दहा प्लायच्या (थरांच्या) ताकदीचे टायर घ्या आणि ते निम्म्याहून जास्त झिजलेले नसावेत. पहिल्या खेपेआधी एका दुकानदाराने आमच्या गाडीला "हे पुरतील" म्हणून साधे टायर बसवले होते. मी विश्वास ठेवला. टायरच्या बाजूवर छापलेला भार-निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलेल तो आकडा, स्वतः वाचायला हवा होता.

स्टेपनी पूर्ण मापाची हवी. गाडीबरोबर येणारी बारकी स्टेपनी इथे उपयोगाची नाही. शक्य असेल तर दोन न्या. त्याशिवाय पंक्चरची दोरी भरायचा संच, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, हवा मोजायचं मापक, लांब दांड्याचा पाना आणि एक फळी.

फळीचं सांगतो. २४० किलोमीटरच्या पुढे आमचं मागचं डावं चाक बसलं. हाताच्या तळव्याएवढी काळी कपची टायरमध्ये उभी घुसली होती आणि हवा शिट्टी वाजवत बाहेर येत होती. मी जॅक लावला, दांडा फिरवू लागलो, तर गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खडीत रुतत गेला. जॅकच्या पायाखाली ठेवायला काही नव्हतं. शेवटी पोळपाट ठेवला. सागवानी पोळपाट होता, सासूबाईंनी सांगलीहून पाठवलेला. तो चिरला, पण गाडी उचलली गेली. एक फूट लांब-रुंद, दीड इंच जाडीची फळी आता आमच्या गाडीत कायम असते. चाक बदलायचा सराव घरासमोर, गाडीत सगळं सामान भरलेलं असताना करून पाहा. भरलेली व्हॅन आणि रिकामी व्हॅन यांना लागणारा जॅक वेगळा असू शकतो. आणि बदललेल्या चाकाचे नट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे.

चाक बदलायला थांबताना कडेला उतरू नका. बांधाची कड मऊ असते, गाडी कलंडते. सरळ, दोन्ही बाजूंनी लांबवर दिसणारा भाग गाठा, धोक्याचे दिवे लावा. रस्ता अचानक खूप रुंद झालेला दिसला तर तिथे थांबायचं नाही. एक-दोन ठिकाणी महामार्गाचाच तुकडा विमानाची धावपट्टी आहे.

बाकीचं थोडक्यात. निघण्याआधी ऑइल, एअर फिल्टर, ब्रेक आणि बॅटरी तपासून घ्या. एक जादा एअर फिल्टर बरोबर ठेवा, धुळीने तो भरतो. समोरच्या काचेला तडा जाणार हे धरूनच चला आणि विम्यात काच आहे का ते पाहा. मागच्या दारांच्या फटींतून धूळ आत येते. काचा बंद ठेवून ब्लोअर बाहेरच्या हवेवर जोरात लावला की आत हवेचा दाब वाढतो आणि धूळ बरीच अडते. समोरून ट्रक आला की तेवढ्यापुरतं आतल्या हवेवर करायचं.

इंधन

इथे परतीचा हिशेब सगळ्यांत जास्त महत्त्वाचा. समजा तुमची व्हॅन शंभर किलोमीटरला १४ लिटर घेते. ईगल प्लेन्सच्या ३६९ किलोमीटरला सुमारे ५२ लिटर लागतात. टाकी ८० लिटरची आहे, म्हणजे निर्धास्त, असं वाटतं. आता समजा तीनशेव्या किलोमीटरवर रस्ता वाहून गेलेला आहे आणि मागे फिरायचं आहे. ६०० किलोमीटर, ८४ लिटर. टाकी पुरत नाही. म्हणून २० लिटरचा एक कॅन बरोबर ठेवायचा, तोही गाडीच्या बाहेर, मागच्या दाराला किंवा टपावर बांधून. झोपायच्या जागेत इंधनाचा कॅन कधीही नको.

ईगल प्लेन्सला टाकी काठोकाठ भरा, तिथला दर पाहून हात आखडू नका. पुढचा पंप फोर्ट मॅकफर्सनला सुमारे १८० किलोमीटरवर आहे, पण तो पील नदीच्या पलीकडे. फेरी बंद असेल तर तुम्ही १७० किलोमीटर जाऊन तेवढेच परत येणार. इनुव्हिकलाही टाकी भरूनच टुकला निघायचं, कारण १३८ किलोमीटरमध्ये काही नाही आणि टुकचा पंप तुमच्या वेळेला उघडा असेलच असं नाही.

पाणी, स्वयंपाक, झोप

दोन माणसांसाठी ४० लिटर पाणी भरून फाट्यावरून निघा. ओढ्याचं पाणी उकळून प्यायचं. १९४व्या किलोमीटरच्या आसपास इंजिनियर क्रीकचा मुक्काम आहे. तिथल्या ओढ्याचं पात्र लोखंडाच्या गंजाने तांबूस झालेलं असतं. पाहायला सुंदर आहे, पिण्याचं पाणी आपल्या टाकीतलंच.

किराणा व्हाइटहॉर्सला भरून घ्या. पुढे भाज्या महाग आणि शिळ्या होत जातात. भाजणी, मूगडाळ-तांदूळ, मेतकूट, भडंग, गूळ, सुकं खोबरं आणि एक छोटा कुकर एवढ्यावर आमचे बारा दिवस निघतात. कुकर म्हणजे गॅसची आणि पाण्याची मोठी बचत. पाच किलोचं सिलिंडर पुरलं. गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच आणि शेगडी पेटवून, दारं लावून ऊब घ्यायची नाही, कितीही थंडी असली तरी. ऑगस्ट अखेरीस रात्री पारा शून्याला टेकतो. चांगल्या प्रतीची स्लीपिंग बॅग हाच खरा हीटर.

जून-जुलैत गेलात तर खिडक्यांच्या मापाचे जाड, प्रकाश न येऊ देणारे तक्ते कापून न्या. उजेड असतो तोवर माणूस गाडी चालवत राहतो आणि रात्रीचे दोन वाजले आहेत हे डुलकी लागल्यावर कळतं. घड्याळाकडे बघून संध्याकाळी सहाला थांबायचं. छताच्या पंख्याला डासांची जाळी आहे ना हेही बघा. रॉक रिव्हरच्या मुक्कामावर, ४४७व्या किलोमीटरजवळ, आम्ही दार उघडून चहा ओतायचा विचारसुद्धा सोडून दिला होता. तोंडावर ओढायची जाळी वीस डॉलरच्या आत मिळते, घ्याच.

अस्वलं आणि फोडणी

हा सगळा प्रदेश ग्रिझली आणि काळ्या अस्वलांचा आहे. फोडणीचा वास लांबवर जातो. स्वयंपाक झाला की भांडी लगेच धुवायची, खरकटं पिशवीत बांधून गाडीत ठेवायचं, टेबलावर कूलर सोडून फिरायला जायचं नाही. रात्री दारं नुसती ओढून न ठेवता कुलूप लावा, अस्वलं दाराची मूठ दाबून दार उघडू शकतात. अस्वलाचा स्प्रे कमरेला हवा, बॅगेच्या तळाशी नाही. त्याची मुदत तपासा आणि सेफ्टी क्लिप काढायचा सराव करा. विमानात तो नेता येत नाही, ना हातात ना सामानात, त्यामुळे उडून येणाऱ्यांनी व्हाइटहॉर्सला विकत घ्यावा.

लियार्डच्या परिसरात बायसन रस्त्यावर उभे असतात, संध्याकाळी ते रस्त्याच्याच रंगाचे होऊन जातात. युकॉनमध्ये दिवसाही हेडलाइट लावणं कायद्याने बंधनकारक आहे.

संपर्क आणि दवाखाना

फोन दिवसचे दिवस बंद राहणार हे घरच्यांना आधी सांगा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र विकत किंवा भाड्याने घ्या. सोपा नियम असा: रोज मुक्कामाला पोचलं की घरच्या एका माणसाला "पोचलो" एवढा संदेश जायचा. तो २४ तास आला नाही तर त्या माणसाने काय करायचं, कोणाला कळवायचं, हे कागदावर लिहून ठेवा. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि एक छापील नकाशाही ठेवा.

रुग्णालयं व्हाइटहॉर्स, डॉसन सिटी आणि इनुव्हिकला आहेत. मधल्या भागात अपघात झाला तर विमानाने हलवावं लागतं आणि प्रांताचं आरोग्यकार्ड तो खर्च साधारणपणे उचलत नाही. प्रवास विम्यात हवाई रुग्णवाहिका आहे ना, हे शब्दशः वाचा. रोजच्या औषधांचा दोन आठवडे जादा साठा ठेवा.

कागदपत्रं

या मार्गावर अमेरिकेची सीमा लागत नाही. पण डॉसन सिटीहून टॉप ऑफ द वर्ल्ड महामार्गाने अलास्कात उतरायचा मोह होतोच. भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचं पीआर (कायम राहण्याची परवानगी) असूनही अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि परत येताना पीआर कार्ड हातात हवं. ती चौकी फक्त उन्हाळ्यात आणि दिवसाच उघडी असते. भारतातून येणाऱ्या पाहुण्याला गाडी चालवू द्यायची असेल तर त्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा आणि भाड्याच्या करारात त्यांचं नाव घालावं.

रस्त्यावर वागताना

समोरून ट्रक आला की वेग कमी करा, जवळजवळ थांबा. तो दगड उडवतो, तुमचा वेग जितका कमी तितका काचेवरचा मार हलका. पाऊस पडला की धूळ दाबायला टाकलेलं कॅल्शियम क्लोराइड आणि चिखल मिळून रस्ता साबणासारखा होतो. अशा वेळी थांबून चहा करावा. कोणाची गाडी थांबलेली दिसली तर थांबून विचारायचंच. आमच्या चाकाच्या वेळी चार गाड्या गेल्या आणि चारही थांबल्या.

फोर्ट मॅकफर्सन आणि त्सिगेहचिक ही ग्विचिन लोकांची गावं, टुक हे इनुव्हियालुइट या दुसऱ्या मूळनिवासी लोकांचं. ती पर्यटनस्थळं नाहीत, लोकांची घरं आहेत. फोटो विचारून काढा. गावातल्या माणसाकडून मार्गदर्शन विकत घ्या, हस्तकला तिथूनच घ्या. टुकजवळचे पिंगो, म्हणजे आत बर्फाचा गाभा असलेल्या टेकड्या, त्यांच्यावर चढायचं नाही. त्यांतला इब्युक जवळजवळ ४९ मीटर उंच आहे.

परत आल्यावर

डॉसन सिटीत किंवा व्हाइटहॉर्सला पोचल्या दिवशीच गाडी खालून धुवा. कॅल्शियम क्लोराइड धातू खातं आणि वाळलेला चिखल चाकांच्या आत बसला की ऐंशीच्या वेगाला गाडी थरथरते. आम्ही नळीचा जोर पूर्ण सोडून, आडवे पडून, एकेक चाक आतून धुतलं. पाऊण तास लागला. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीतून चिखलाचा मोठा गोळा निघाला आणि त्याच्या पोटात तसलीच एक काळी कपची होती. नट पुन्हा आवळले, चारही टायरची हवा पाहिली आणि मग जेवायला गेलो.